बैलगाडीच्या पाण्याची पेठ

सिंगापूरच्या चिनी पेठेचा पत्ता विचारला असता कोणीही आपल्याला साउथ ब्रिज रोडवर आणून सोडतो. तेथे उतरून लाल कंदील आणि टोके वर वळलेली छपरे शोधण्यासाठी मान वर करावी, तो नजरेस पडते मारिअम्मन देवीचे गोपूर! रंगीत मूर्तींनी गच्च भरलेले, दक्षिणेतील एखाद्या गावातून उचलून आणून येथे ठेवावे तसे. दाराशी चपलांचा ढीग, आत फुलांचा नि कापराचा वास. आपण वाट तर चुकलो नाही ना, अशी शंका मनाला चाटून जाते. परंतु वाट चुकलेली नसते. सिंगापुरातील हे सर्वांत जुने हिंदू मंदिर आहे. १८१९ साली रॅफल्सबरोबर पेनांगहून आलेल्या नारायण पिल्लई या तमिळ गृहस्थाने १८२७ मध्ये ते लाकूड आणि झावळ्या यांचे उभारले. पुढे त्याच जागी पक्के मंदिर झाले. दिवाळीच्या सुमारास येथे निखाऱ्यांवरून चालण्याचा उत्सव होतो, तेव्हा ही सारी चिनी पेठ तमिळ भाविकांनी भरून जाते.

गंमत अशी की, पेठेतील मुख्य गल्ल्यांपैकी पॅगोडा स्ट्रीट या नावातील ‘पॅगोडा’ म्हणजे कोणताही बौद्ध स्तूप नव्हे, ते हेच गोपूर होय. टेंपल स्ट्रीटमधील मंदिरही हेच. पलीकडील मॉस्क स्ट्रीटला नाव मिळाले ते तमिळ मुसलमानांच्या जामे मशिदीवरून. चिनी पेठेच्या रस्त्यांना भारतीयांच्या देवस्थानांची नावे असावीत, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

आता दुसरी एक शंका कोणासही येईल. न्यूयॉर्कला किंवा कोलकात्याला चिनी वस्ती वेगळी असणे समजण्याजोगे आहे. तेथे चिनी लोक मूठभर. परंतु ज्या शहरात दर चार रहिवाशांपैकी जवळजवळ तीन चिनी वंशाचे, तेथे वेगळी चिनी पेठ ती कशाला? याचे उत्तर १८२२ सालच्या नगररचनेत आहे. नव्या बंदराची आखणी करताना रॅफल्सने कोणत्या जमातीने कोठे राहावे हे कागदावर ठरवून टाकले. युरोपियनांना एक भाग, अरबांना दुसरा, आणि नदीच्या नैर्ऋत्येकडचा मोठा पट्टा चिन्यांना. चिन्यांतही पुन्हा गावकी आणि बोली यांप्रमाणे आळ्या पडल्या. समुद्रालगत होक्किएन लोक, नदीकाठी तिओच्यू व्यापारी, आणि आपण जेथे उभे आहोत तेथे प्रामुख्याने कँटनी.

या भागाचे चिनी नाव ‘न्यू च श्वेइ’. भाषांतर करून पोट भरणाऱ्या माणसाला हे नाव भेटले की तो थबकतोच. कारण शब्दशः त्याचा अर्थ ‘बैल-गाडी-पाणी’. नळ येण्यापूर्वी अ‍ॅन सियांग टेकडीजवळच्या विहिरींचे पाणी बैलगाड्यांतून या वस्तीला पुरवले जाई. मलायी भाषेत त्यालाच ‘क्रेता आयेर’, म्हणजे पाण्याची गाडी म्हणतात. एका पेठेला मंदिराचे नाव नको, राजाचे नको, सेनापतीचेही नको. तहान भागवणाऱ्या गाडीचे नाव तिच्या रहिवाशांनी दिले. प्रस्तुत लेखकाला तरी हे नाव ‘चायनाटाउन’पेक्षा शतपटीने आवडते.

चला, आता पॅगोडा स्ट्रीटने आत शिरू. दोन्ही बाजूंना अरुंद तोंडाची पण आत खोलवर गेलेली दुमजली-तिमजली घरे आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाडे. मध्ये उजेडासाठी आपल्या वाड्यांत असतो तसा लहानसा चौक. घरांच्या पुढे एकसलग ओसरी आहे आणि ती एका घरातून दुसऱ्या घरापुढे अशी गल्लीच्या टोकापर्यंत जाते. ही पाच फूट रुंदीची वाट मालकाने छताखाली, सर्वांसाठी खुली ठेवली पाहिजे, असा दंडकच रॅफल्सने घातला होता. उन्हात आणि तेथील अवचित कोसळणाऱ्या पावसात तिचे मोल कळते. या ओसरीतच एकेकाळी न्हावी, चांभार आणि ज्योतिषी बसत, आणि बसत असत पत्रलेखक. चीनमधून एकट्याने आलेला हमाल निरक्षर असे. महिन्याकाठी शिल्लक राहिलेले चार पैसे नि त्यासोबतचा मजकूर तो पत्रलेखकाला सांगे, आणि पैसा व पत्र एकाच लिफाफ्यातून त्याच्या गावी जाई. मुंबईच्या टपाल कचेरीबाहेर बसणारे पत्रलेखक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास कष्ट पडणार नाहीत.

आज या ओसरीत पंखे, चुंबक लावलेल्या शोभेच्या वस्तू, रेशमी बटवे आणि पर्यटकांच्या नावांचे चिनी शिक्के विकतात. घरे नव्याने रंगवलेली आहेत. १९८९ मध्ये हा भाग संरक्षित म्हणून जाहीर झाला. फार सुबक दिसतो. या सुबक खिडक्यांमागे काय होते हे मात्र विसरता कामा नये. एकेका मजल्याचे फळ्या ठोकून लहान लहान खण पाडलेले असत, कित्येकांना खिडकीही नसे, आणि एका खणात एक कुटुंब राही. १९५०-६० च्या सुमारास अप्पर नॅनकिन स्ट्रीट या गल्लीतील गर्दीची पाहणी करून बॅरिंग्टन के या समाजशास्त्रज्ञाने त्याच गल्लीच्या नावाचा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध केला. जुने दिवस किती छान होते असे म्हणण्याचा मोह ज्याला होईल त्याने तो चाळावा. याच खणांत राहत असत सामसुई स्त्रिया. १९३३ मध्ये परदेशी पुरुष मजुरांच्या आगमनावर मर्यादा घातली गेली, स्त्रियांवर ती नव्हती. तेव्हा ग्वांगडाँग प्रांतातून या बायका हजारोंनी आल्या आणि डोक्याला तांबडा रुमाल घट्ट बांधून त्यांनी विटा-मातीची पाटी उचलली. त्या शहराच्या कितीतरी इमारतींचा भार आधी त्यांच्या खांद्यांनी पेलला आहे.

पुढे सागो लेन. साबुदाणा बनवण्याच्या कारखान्यांवरून हे नाव पडले. परंतु कँटनी लोक तिला ‘मृतांची गल्ली’ म्हणत. खणात कोणी मरणे अशुभ, आणि मरणाऱ्याला शांतपणे पडून राहण्यास तेथे जागाही नसे. तेव्हा ज्याचे आपले म्हणावे असे कोणी नाही त्याला या गल्लीतील ‘मरणगृहा’त आणून ठेवीत. वरच्या मजल्यावर शेवटचे श्वास मोजणारे, खाली अंत्यविधीची तयारी, आणि शेजारीच तिरड्यांचे नि कागदी सामानाचे कारागीर. १९६१ मध्ये ही घरे कायद्याने बंद झाली. आज जवळच बुद्धाच्या दंतधातूचे भव्य मंदिर उभे आहे, ते २००७ सालचे.

कागदी सामान मात्र पेठेत अजून मिळते. मृतांना परलोकी वापरता यावे म्हणून कागदाचे घर, कागदाची मोटार, कागदी नोटांच्या थप्प्या आणि आता कागदाचे मोबाइल फोनसुद्धा जाळण्याची रीत आहे. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात भुकेली पितरे पृथ्वीवर येतात असे मानतात. तेव्हा रस्त्याच्या कडेला फळे, भात, उदबत्त्या मांडलेल्या दिसतील. करमणुकीसाठी गाण्याचे कार्यक्रम होतात आणि त्यांत खुर्च्यांची पहिली रांग रिकामी सोडतात. तेथे चुकूनही बसू नका. ती पाहुण्यांची आहे. हा महिना बहुधा आपल्या पितृपक्षाच्या थोडा आधी येतो. कावळ्यासाठी पान वाढून ताटकळत उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या रिकाम्या रांगेस हसण्याचे कारण नाही.

औषधांच्या दुकानात मात्र निवांतपणे शिरावे. साउथ ब्रिज रोडवर यू यान सांग या पेढीचे दुकान १९१० पासून आहे. पेढी त्याहून जुनी, मलायातील गोपेंग गावी १८७९ मध्ये सुरू झालेली. भिंतभर लहान खणांचे कपाट, खणांत मुळ्या, साली, सुकी बोरे, शेवंतीची फुले, जिनसेंग. गिऱ्हाईक बोलू लागते ते रोगाविषयी नव्हे, तर ‘उष्ण’ आणि ‘थंड’ यांविषयी. ड्युरियन हे काटेरी फळ उष्ण, मंगुस्तान थंड. तळलेले खाऊन घसा धरला तर शेवंतीचा काढा प्यावा किंवा सातूचे पाणी. ‘आंबा बाधला, आता सब्जा घे’ असे आजीच्या तोंडून ऐकत वाढलेल्या माणसाला या दुकानात दुभाष्याची गरज फारशी पडत नाही.

परंतु, वाचकहो, एवढे फिरूनही खरी पेठ आपल्याला भेटलेली नाही. ती रस्त्यावर नाहीच. जुन्या छायाचित्रांत स्मिथ स्ट्रीट पाहा: १८८७ साली बांधलेले कँटनी संगीत नाटकांचे थिएटर, आणि त्यापुढे दोन्ही कडांना खेटून उभ्या खाद्यपदार्थांच्या गाड्या, कंदील, धूर, उकडहंड्यांची वाफ. १९६८-६९ मध्ये सरकारने साऱ्या बेटावरील फेरीवाल्यांची नोंदणी केली. पाणी सांडण्याची सोय नाही, खरकटे गटारात, त्यातून रोगराई. कारणे खोटी नव्हती. त्यानंतर वर्षानुवर्षे एकेका गल्लीतील गाड्या उचलून नळ, वीज आणि मोऱ्या असलेल्या इमारतींत नेण्यात आल्या. येथील गाडीवाल्यांची पाळी १९८३ मध्ये आली. त्यांच्यासाठी बांधलेल्या इमारतीत तळघरात भाजी-मासळीचा बाजार, वर कपडालत्ता, त्याच्या वर खाद्यपदार्थांचे दोनशेहून अधिक गाळे, आणि त्याहीवर राहती बिऱ्हाडे. पुढे पर्यटकांना जुने चित्र दिसावे म्हणून २००१ मध्ये स्मिथ स्ट्रीटवर पुन्हा गाड्यांची आरास मांडण्यात आली; यथाकाल तीही उठली. जी वस्तू जिवंतपणी जिना चढून वर गेली आहे तिची प्रतिकृती खाली टिकेल कशी?

म्हणून आपणही जिना चढू. वर हिरवळ नाही, शोभा नाही; टेबले जमिनीला पक्की केलेली, पंखे गरगरणारे, आणि गाळ्यांच्या रांगांमागून रांगा. एका गाळ्यात एक माणूस आणि त्याचा एकच पदार्थ, फार तर दोन. तीस-चाळीस वर्षे एकच पदार्थ करणारा हात काय करू शकतो ते येथे पाहावे. २०१६ मध्ये मिशेलिन या प्रसिद्ध फ्रेंच मार्गदर्शिकेने आपला एक तारा येथील चान होन मेंग यांच्या गाळ्याला दिला. सोया सॉसमध्ये शिजवलेली कोंबडी आणि भात यांसाठी, किंमत सुमारे दोन सिंगापुरी डॉलर! २०२१ मध्ये तो तारा गेला. रांग लावणाऱ्या शेजाऱ्यांचे अशा ताऱ्यांवाचून काही अडलेले नव्हते, हेही खरे.

बसायला जागा कशी मिळवायची? टेबलावर कागदी हातरुमालांची लहानशी पुडी पडलेली दिसेल. ती कोणी विसरलेली नाही. तिचा अर्थ ‘ही जागा माझी’ असा असून तेथील बोलीत या कृतीस ‘चोप’ म्हणतात. एस. टी.च्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना ही कला शिकवावी लागत नाही. खाणे झाल्यावर मात्र थाळी आपणच उचलून ठरल्या जागी ठेवावी. २०२१ पासून तसे करणे सक्तीचे आहे.

‘कॅरट केक’ अशी पाटी वाचून मुलांनी गोड पदार्थासाठी हट्ट धरला, तर त्यांची फसगत होईल. त्यात गाजरही नसते आणि तो केकही नसतो. तांदळाच्या पिठात किसलेला मुळा घालून ते वाफवतात, गार झाल्यावर वड्या कापतात आणि मोठ्या तव्यावर अंडे, लसूण व खारवलेला मुळा यांबरोबर परततात. कोथिंबिरीच्या वडीची ही लांबची मावसबहीणच म्हणा! होक्किएन बोलीत गाजराला ‘लाल मुळा’ म्हणतात. तेव्हा कोणा भाषांतरकाराने मुळ्याचे गाजर करून टाकले. आमच्या व्यवसायातील इतकी चविष्ट चूक दुसरी झालेली नसेल.

शाकाहारी कुटुंबांनी सावध असावे हे बरे. भाजी नुसती दिसते, पण ती डुकराच्या चरबीत परतलेली किंवा कालवांच्या सॉसमध्ये भिजलेली असू शकते. तथापि निराश होण्याचे कारण नाही. बौद्ध शाकाहारी पदार्थांचे गाळे जवळपास असतातच. ‘सू’ एवढा एक शब्द लक्षात ठेवावा. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी या गाळ्यांपुढे मोठी रांग लागते, कारण त्या दिवशी अनेक भाविक मांस वर्ज्य करतात. कर्मठ शाकाहारी कांदा-लसूणही खात नाहीत. म्हणजे चातुर्मासातील आपले स्वयंपाकघरच. सोबतीस साखरेच्या पाकातील ऊन-ऊन सोयादुधाची दह्यासारखी लुसलुशीत ‘ताउ ह्वे’ घ्यावी, किंवा ‘ताउ सुआन’: सोललेल्या मुगाच्या डाळीची दाटसर गोड खीर, वर तळलेल्या पिठाचे कुरकुरीत तुकडे. मुगाची डाळ पाहताच आपल्या मंडळींचा चेहरा कसा खुलतो ते पाहण्यासारखे असते.

आणि शेवटी कॉफी. तिकडे तिला ‘कोपी’ म्हणतात. हाइनान बेटावरचे लोक या बंदरात उशिरा आले. व्यापाराच्या जागा आधी आलेल्यांनी अडवलेल्या, म्हणून ते युरोपियनांच्या घरी आणि जहाजांवर आचारी झाले, आणि पुढे त्यांनी कॉफीची दुकाने काढली. कॉफीच्या बिया साखर आणि लोणी घालून काळ्याकुट्ट भाजायच्या, लांब कापडी पिशवीतून उकळते पाणी गाळायचे नि आटीव गोड दूध घालायचे. सोबत भाजलेला पाव, त्यात नारळाचे दूध, अंडी आणि साखर यांचा ‘काया’ नावाचा मुरंबा. मागणी नोंदवण्याची परिभाषा निराळीच आहे. दूध नको तर ‘कोपी-ओ’. साखरही नको तर ‘कोपी-ओ-कोसोंग’. बर्फ हवा तर ‘पेंग’. यांतील ‘ओ’ म्हणजे होक्किएनमध्ये काळा, ‘कोसोंग’ म्हणजे मलायीत रिकामा, आणि ‘कोपी’ हा शब्दही मलायीच. एका पेल्यात दोन भाषा ढवळलेल्या, आणि पिणारा तमिळ असला तरी त्याला त्या समजतात. अशी भाषा कोणतीही समिती बसून घडवू शकली नसती.

समित्यांनी काय केले तेही सांगितले पाहिजे. १९७९ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी ‘मँडरिन बोला’ ही मोहीम सुरू केली. साऱ्या चिन्यांची एक भाषा व्हावी, मुलांवर इंग्रजीखेरीज आणखी दोन-दोन भाषांचा बोजा पडू नये, हा हेतू. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरून बोलींचे कार्यक्रम हळूहळू उठवण्यात आले. मोहीम यशस्वी झाली. एके काळी बहुसंख्य चिनी घरांत बोली बोलल्या जात. आता अशी घरे थोडी उरली. कँटनीशिवाय दुसरे न येणारी आजी आणि मँडरिन-इंग्रजी बोलणारा नातू एका टेबलावर बसतात, आणि आजी त्याच्या ताटलीत निमूटपणे मांसाचा चांगला तुकडा सरकवते. प्रत्येक राष्ट्राला एका समान भाषेची गरज वाटते हे आपण भारतीय जाणतो. त्या गरजेची किंमत कोण भरते, एवढेच हे टेबल दाखवते.

गाळ्यांमागील हातही थकत आहेत. सिंगापूरच्या फेरीवाल्यांचे मध्यम वय साठीच्या आसपास आहे. पहाटे चारला उठून हाडांचा रस्सा चढवायचा, भट्टीपुढे दिवसभर उभे राहायचे, आणि पदार्थाची किंमत पाच-पन्नास सेंटनी वाढवली तरी गिऱ्हाइकाने भुवया उंचवायच्या. याच कष्टांच्या पैशांतून मुले शिकली, कचेरीत लागली. ती गाळ्यावर परतून येत नाहीत, आणि बापालाही ती यावीत असे वाटत नाही. २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या या फेरीवाल्यांच्या संस्कृतीस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मान मोठा आहे. त्याने पहाटे चारचे उठणे सोपे होत नाही.

वेळ हाताशी असेल तर येथून दहा-बारा मिनिटे चालून तेलोक आयेर स्ट्रीटवर जावे. हा रस्ता पूर्वी समुद्रकिनारा होता. भराव पडून समुद्र दूर गेला. जहाजातून उतरलेला चिनी माणूस प्रथम येथे माझू या समुद्रदेवीला जीव वाचला म्हणून हात जोडी. १८४२ मध्ये पुरे झालेले तिचे थियान हॉक केंग मंदिर आजही आहे, आणि त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर तमिळ मुसलमानांनी नागोरच्या शाहुल हमीद यांच्या स्मरणार्थ बांधलेला दर्गा. उतरणाऱ्या प्रत्येकाचा देव वेगळा, पण आभार मानण्याचा किनारा एकच होता.

एक व्यवहाराची सूचना. खाण्यासाठी जायचे तर दुपारी बारापूर्वी जावे. म्हातारे आचारी पातेले एकदाच चढवतात. ते संपले की पाटी उलटी करून, फडके पिळून ते खाली चौकात बुद्धिबळाचा डाव पाहण्यास जातात, आणि तेथे गाठून त्यांना कितीही विनवले तरी गाळा पुन्हा उघडत नाही.